फूड ॲडिक्शन खरंच असतं का? व्यसन आणि ईटिंग डिसऑर्डर यांत नेमका फरक काय?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. जेवण पोटभर झालंय. तरी हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. एक मूठ, मग दुसरी, आणि बघता बघता डबा रिकामा. अपराधी वाटत असतानाच मोबाईल उघडावा तर समोर रील, 'तुम्हाला साखरेचं व्यसन लागलंय, आजपासून २१ दिवस साखर पूर्ण बंद!' खाली कमेंटची रांग. 'सेम टू सेम', 'मी पण फूड ॲडिक्ट'.

'फूड ॲडिक्ट' हा शब्द आपण बऱ्याचदा गमतीत वापरतो. पण काही जणांसाठी त्यात गंमत उरलेली नसते. लपून खायचं, पोट दुखेपर्यंत खायचं, मग स्वतःची किळस वाटून दुसऱ्या दिवशी काहीच खायचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं महिनोन् महिने चालू असलेल्या माणसाने स्वतःवर 'व्यसनी' असा शिक्का मारला आणि व्यसनाचाच उपाय केला, तर त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतो.

असं का होतं? फूड ॲडिक्शन आणि ईटिंग डिसऑर्डर एकच आहेत का? आणि मदत हवी असेल तर जायचं कुठे? हेच समजून घेऊ.

'फूड ॲडिक्शन' हा शब्द आला कुठून?

मराठीत या गोष्टीसाठी शब्दांची कधीच कमतरता नव्हती. खा खा सुटणं, हावरटपणा, जिभेचे चोचले, तोंडावर ताबा नसणं. जुन्या पिढीच्या तोंडी तर 'भस्म्या झालाय का?' हा प्रश्न ठरलेला. भस्म्या सोडला तर बाकीचे सगळे शब्द माणसाच्या स्वभावावर बोट ठेवतात. म्हणजे तुझंच मन कच्चं.

वैद्यकीय लिखाणात 'फूड ॲडिक्शन' हा शब्द अमेरिकन डॉक्टर थेरॉन रँडॉल्फ यांनी १९५६ मध्ये वापरला. गंमत म्हणजे त्यांच्या यादीत पिझ्झा-बर्गर नव्हते. मका, गहू, कॉफी, दूध, अंडी, बटाटे असे रोजच्या खाण्यातले पदार्थ होते. १९६० मध्ये लॉस एंजेलिसला 'ओव्हरईटर्स ॲनॉनिमस' हा गट सुरू झाला. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ची बारा पायऱ्यांची पद्धत त्यांनी खाण्याला लावली.

शास्त्रीय चर्चेला खरा जोर आला तो २००९ मध्ये. येल विद्यापीठात ॲशली गिअरहार्ट, विल्यम कॉर्बिन आणि केली ब्राउनेल यांनी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. तिला म्हणतात येल फूड ॲडिक्शन स्केल. दारू किंवा ड्रग्जच्या व्यसनाचे निकष त्यांनी खाण्याला लावून पाहिले. ठरवलं त्यापेक्षा जास्त खाल्लं जातं का? कमी करायचे प्रयत्न सतत फसतात का? नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही का? २०१६ मध्ये याची ३५ प्रश्नांची सुधारित आवृत्ती आली. २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका विश्लेषणानुसार ३६ देशांतल्या २८१ अभ्यासांचा आढावा घेतला, तर साधारण १४ टक्के प्रौढ आणि १२ टक्के मुलं या निकषांत बसतात.

आकडा मोठा आहे. पण यात एक मेख आहे. प्रश्नावलीत गुण मिळणं आणि आजाराचं निदान होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसिक आजारांचं निदान करण्यासाठी डॉक्टर ज्या दोन याद्या वापरतात, म्हणजे अमेरिकेतली डीएसएम-५ आणि जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११, त्या दोन्हींत 'फूड ॲडिक्शन' नावाचा आजार नाही.

मग ईटिंग डिसऑर्डर म्हणजे काय?

ईटिंग डिसऑर्डर मात्र या दोन्ही याद्यांत आहेत. त्यातले तीन प्रकार मुख्य.

ॲनोरेक्सिया नर्व्होसा: वजन वाढेल या भीतीने खाणं इतकं कमी करणं की शरीर धोक्यात येतं. मानसिक आजारांमध्ये सर्वाधिक मृत्युदर असलेल्या आजारांत याची गणना होते.

बुलिमिया नर्व्होसा: थोड्या वेळात भरपूर खाणं आणि मग ते 'भरून काढण्यासाठी' उलटी करणं, जुलाबाची औषधं घेणं, कडक उपास किंवा अतिव्यायाम करणं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये हे नाव दिलं. बुलिमिया असलेल्या माणसाचं वजन बऱ्याचदा नॉर्मल असतं. त्यामुळे घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

बिंज ईटिंग डिसऑर्डर: भरपूर खाण्याचे झटके येतात, पण नंतर उलटी वगैरे प्रकार नसतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्येच अशा खाण्याचं वर्णन केलं होतं. स्वतंत्र आजार म्हणून डीएसएममध्ये जागा मिळायला मात्र २०१३ साल उजाडलं.

बिंज म्हणजे नुसतं जास्त खाणं नव्हे. डीएसएम-५ नुसार थोड्या वेळात, उदाहरणार्थ दोन तासांत, इतर लोक खातील त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त खाणं आणि 'मला थांबताच येत नाहीये' ही भावना, हे दोन्ही हवं. सोबत पाचपैकी किमान तीन गोष्टी हव्यात: भराभर खाणं, पोट ताणून अस्वस्थ होईपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाज वाटते म्हणून एकट्याने खाणं, आणि नंतर स्वतःची किळस किंवा तीव्र अपराधी भावना. हे तीन महिने, आठवड्यातून किमान एकदा होत असेल आणि त्याचा मनाला त्रास होत असेल, तर निदान होऊ शकतं.

म्हणजे रविवारी नाशिकच्या मिसळीवर दोन पाव जास्त गेले, आमरसाच्या दिवसांत तीन वाट्या रिचवल्या, लग्नात जिलेबीवर ताव मारला, तर हा आजार नाही. सगळ्यांसोबत, आनंदाने आणि नंतर लपवावं न लागता खाल्लेलं ते जेवण आहे.

दोघांचा संबंध काय?

इथे गोष्ट रंजक होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बिंज ईटिंग डिसऑर्डर असलेल्या ८१ लठ्ठ रुग्णांना येल स्केल दिली. त्यातले ५७ टक्के 'फूड ॲडिक्शन'च्या निकषांत बसले. म्हणजे दोन वर्तुळं एकमेकांत बरीच शिरलेली आहेत, पण एक नाहीत. बिंज असूनही स्केलमध्ये न बसणारे बरेच आहेत. उलट दिवसभर थोडं थोडं चरत राहणारा माणूस स्केलमध्ये बसेल, पण त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर असेलच असं नाही.

स्पेनमध्ये २०१४ साली आलेला अभ्यास तर चक्रावून टाकतो. तिथे ईटिंग डिसऑर्डरच्या रुग्णांपैकी ७२.८ टक्के लोक 'फूड ॲडिक्ट' ठरले, तर आजार नसलेल्या गटात फक्त २.४ टक्के. पण खरा धक्का पुढे आहे. ॲनोरेक्सियाच्या ज्या रुग्ण फक्त खाणं तोडतात, बिंज करत नाहीत, त्यांच्यातल्याही जवळपास निम्म्या या निकषांत बसल्या.

जी व्यक्ती जेमतेम खाते, ती खाण्याची व्यसनी कशी? याचं एक सरळ स्पष्टीकरण असं, की स्केल बऱ्याच अंशी माणसाची भावना मोजते. 'माझा ताबा सुटतो', 'मी सतत खाण्याचाच विचार करते', 'मला कमी करायचंय'. जिला दोन बिस्किटं खाल्ली तरी ताबा सुटल्यासारखं वाटतं, ती या प्रश्नांना 'हो' म्हणणारच. तिच्या आजाराचं मूळ बिस्किटात नसून भीतीत आहे.

दोन दृष्टिकोनांतला फरक इथेच आहे. व्यसनाचा विचार पदार्थाकडे बोट दाखवतो: साखर, मैदा, चिप्स. ईटिंग डिसऑर्डरचा विचार माणसाकडे बघतो: तो किती वेळ उपाशी राहतो, स्वतःच्या शरीराबद्दल काय वाटतं, कोणती भावना गिळण्यासाठी खातो. हा घोळ लक्षात घेऊनच जर्मनीतल्या योहानेस हेबेब्रँड आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'फूड ॲडिक्शन'ऐवजी 'ईटिंग ॲडिक्शन' म्हणावं, असं सुचवलं. म्हणजे व्यसन पदार्थाचं कमी आणि खाण्याच्या वागण्याचं जास्त.

मग चिप्सच्या पाकिटाचा काहीच दोष नाही?

आहे. दोष पूर्णपणे माणसावर ढकलणंही चूक.

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केव्हिन हॉल यांनी २० जणांना चार आठवडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, मीठ, चरबी आणि तंतूंचं प्रमाण सारखं ठेवलं होतं. 'हवं तेवढं खा', एवढीच सूचना. २०१९ मध्ये आलेला निकाल असा होता: अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढलं. साध्या अन्नावर तेवढंच उतरलं.

२०१५ मध्ये गिअरहार्ट यांच्याच गटाने लोकांना विचारलं, की कोणत्या पदार्थांवर ताबा राहत नाही? चॉकलेट, आइस्क्रीम, फ्रेंच फ्राइज, पिझ्झा हे वरच्या नंबरावर आले. तळाला होती काकडी. साखर-मैदा आणि चरबी एकत्र, असं मिश्रण निसर्गात फारसं सापडत नाही. गोड आणि तेलकट-तुपकट वेगवेगळं मिळतं. पाकिटात ते एकत्र मिळतं, स्वस्त मिळतं आणि दहा मिनिटांत दारात येतं.

मेंदूचं काय? 'साखर मेंदूवर कोकेनसारखी काम करते' हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल. चविष्ट खाण्याने मेंदूच्या बक्षीस-यंत्रणेत डोपामिनची हालचाल होते, हे खरं. पण तशी ती गाण्याने आणि आवडत्या माणसाच्या मेसेजनेही होते. हॉल यांच्याच गटाने २०२५ मध्ये ५० तरुण प्रौढांना जास्त साखर आणि चरबीचा मिल्कशेक देऊन मेंदूची तपासणी केली. ड्रग्जमुळे दिसते तशी डोपामिनची मोठी उसळी सरसकट दिसली नाही. माणसामाणसांत फरक मात्र बराच होता. थोडक्यात, पाकिटबंद अन्न आपल्याला जास्त खायला लावतं याचा पुरावा पक्का आहे. ते कोकेन आहे, याचा नाही.

एकादशी आणि दुप्पट खाशी

साखरेच्या व्यसनाचा पुरावा म्हणून रीलमध्ये ज्या उंदरांचा दाखला येतो, त्यांची पूर्ण गोष्ट सहसा सांगितली जात नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात बार्ट होबेल आणि निकोल अवेना यांनी हे प्रयोग केले. उंदरांना साखरेचं पाणी दिल्यावर ते तुटून पडले, साखर काढल्यावर अस्वस्थ झाले, हे खरं. पण हे घडलं ते रोज १२ तास उपाशी ठेवून मग साखर दिलेल्या उंदरांमध्ये. ज्यांच्यासमोर साखर आणि खाणं कायम होतं, त्यांच्यात व्यसनासारखी लक्षणं दिसली नाहीत. म्हणजे साखरेइतकाच हात उपासमारीचाही होता.

माणसांवरचा पुरावा याहून जुना आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर प्रयोग केला. सगळे स्वेच्छेने आलेले, शरीराने आणि मनाने ठणठणीत. २४ आठवडे त्यांना दिवसाला सरासरी सुमारे १,५७० कॅलरी दिल्या. वजन जवळपास चौथ्या हिश्शाने उतरलं. पण त्याहून मोठा बदल डोक्यात झाला. दिवसरात्र खाण्याचाच विचार, खाण्याचीच स्वप्नं. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत आणि जमवत बसले. चिडचिड आणि उदासी वाढली. प्रयोग संपून हवं तेवढं खाण्याची मुभा मिळाली, तेव्हा काही जण पोट भरलं तरी थांबू शकत नव्हते.

यातल्या कुणालाही आधी ईटिंग डिसऑर्डर नव्हता. 'इच्छाशक्ती कमी' म्हणावं तर ते आपल्या तत्त्वांसाठी युद्धाला नकार देणारे लोक होते. उपासमारीने त्यांचं खाण्याशी असलेलं नातंच बिघडवलं. आता आठवा, सोशल मीडियावर '१,२०० कॅलरी प्लॅन' किती सहज वाटले जातात. प्रत्येकाची गरज वेगळी असते, हे मान्य. पण कुठलीही तपासणी न करता सगळ्यांना तोच आकडा?

आपल्याकडची 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण हेच सांगते. यात उपासाला नावं ठेवायचा हेतू नाही. लाखो लोक चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र धरतात आणि त्यांना काहीही होत नाही. पण आधीच ज्याचं बिंज आणि उपाशी राहणं असं चक्र चालू आहे, त्याच्यासाठी उपास हे त्या चक्राचं इंधन ठरू शकतं. शिवाय 'उपास आहे' म्हटलं की घरात कुणी प्रश्न विचारत नाही. त्यामुळे आजार झाकलाही जातो.

एकलहऱ्याच्या तीन पाळ्या

हे सगळं अमेरिकेतल्या प्रयोगशाळांपुरतं वाटत असेल, तर नाशिकरोडजवळच्या एकलहऱ्याकडे बघा. इथल्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला. आज महानिर्मितीचे २१० मेगावॅटचे तीन संच इथे आहेत. वीज केंद्र रात्री झोपत नाही, म्हणून माणसंही पाळ्यांमध्ये काम करतात. फर्स्ट, सेकंड आणि नाइट. नाशिकच्या कारखान्यांत, हॉस्पिटलमध्ये, पोलीस ठाण्यांत, डिलिव्हरीच्या कामात हीच गत.

पाळी बदलली की जेवणाचं घड्याळ बदलतं. रात्री दोनला चहा-बिस्किट किंवा वडापाव, सकाळी घरी आल्यावर झोप, दुपारचं जेवण हुकलेलं, संध्याकाळी कडकडून भूक. याचा शरीरावर काय परिणाम होतो? शिकागोतल्या संशोधकांनी २००४ मध्ये १२ तरुण पुरुषांवर एक छोटा प्रयोग केला. दोन रात्री फक्त चार-चार तास झोप दिली. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे हार्मोन १८ टक्क्यांनी घटलं, भूक जागवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. ओढ वाढली ती मुख्यतः गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची.

म्हणजे नाइट करून आलेल्या माणसाला फरसाण दिसल्यावर राहवत नसेल, तर ते व्यसन असायलाच हवं असं नाही. अपुरी झोप आणि हुकलेलं जेवण यांचा तो हिशेब असू शकतो. यात आणखी एक फरक लक्षात ठेवायला हवा. 'नाइट ईटिंग सिंड्रोम' नावाचा एक वेगळा प्रकार आहे. स्टंकार्ड यांनी त्याचं वर्णन १९५५ मध्ये केलं. त्यात रात्रीच्या जेवणानंतर बरंच खाल्लं जातं किंवा झोपेतून उठून खाल्लं जातं, आणि सकाळी भूक नसते. पण शिफ्टमुळे रात्री जेवावं लागतं, एवढ्यावरून हे निदान होत नाही.

नाव बदललं की उपाय बदलतो

एवढा शब्दांचा कीस का पाडायचा? कारण उपचार नावावर ठरतो.

महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटलं की पुण्याचं मुक्तांगण आठवतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं. दारू सोडणाऱ्यासाठी सोपा-अवघड नियम एकच: एक थेंबही नाही. दारूशिवाय माणूस जगू शकतो, म्हणून हा नियम शक्य आहे. अन्नाचं काय करणार? दिवसातून दोन-तीन वेळा त्याच ताटासमोर बसावं लागतं.

बिंज ईटिंग आणि बुलिमियावर सर्वांत जास्त पुरावा असलेला उपचार म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, सीबीटी. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी तिला ईटिंग डिसऑर्डरसाठी घडवलं. तिची सुरुवात वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं. पहिलं काम काहीही बंद करण्याचं नाही, तर वेळेवर खाण्याचं. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं, आणि दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ उपाशी न राहणं. सोबत वहीत नोंद: काय खाल्लं, कधी, तेव्हा मनात काय चाललं होतं. पुढे 'वर्ज्य' ठरवलेले पदार्थ हळूहळू परत ताटात आणायचे, म्हणजे त्यांची भीती आणि ओढ दोन्ही कमी होते.

ब्रिटनमधल्या नाईस या संस्थेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तर स्पष्ट सांगतात, की बिंज ईटिंगचा उपचार चालू असताना डाएट करून वजन कमी करायचा प्रयत्न करू नका, कारण त्याने बिंज पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते.

आता '२१ दिवस साखर बंद' शेजारी ठेवून बघा. ज्याला फक्त चहातली साखर कमी करायची आहे, त्याला कदाचित चालेल. जो बिंजच्या चक्रात आहे, त्याच्या २२व्या दिवसाचा अंदाज मिनेसोटाच्या प्रयोगावरून येतो. ठरावीक पदार्थांपासून लांब राहून बरं वाटतं असं सांगणारे लोकही आहेत. तो त्यांचा अनुभव खोटा नाही. फक्त तो निर्णय तज्ज्ञासोबत बसून घ्यावा, रील बघून नव्हे.

दीक्षित की दिवेकर?

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांत जेवा, ऋजुता दिवेकर म्हणतात दर दोन तासांनी थोडं खा. मग खरं कुणाचं?

ही चर्चा वजन आणि मधुमेह डोळ्यांसमोर ठेवून होती. बिंज ईटिंग किंवा बुलिमिया असलेल्यांसाठीचा उपचार म्हणून तिच्याकडे बघू नये. लांब अंतराने जेवणं कुणाला मानवेलही, पण ज्याचा ताबा भूक अनावर झाल्यावर सुटतो, त्याने असा कोणताही प्लॅन धरण्याआधी डॉक्टरांना आपल्या बिंजबद्दल सांगायलाच हवं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर दुप्पट काळजी घ्यावी.

आणि पाकिटांचं काय करायचं? तो प्रश्न एकट्याच्या इच्छाशक्तीवर सोडता येत नाही. महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शाळेच्या कॅन्टीनमध्ये जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकायला मनाई केली. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनी शाळेपासून ५० मीटरच्या आत अशा पदार्थांच्या विक्रीवर बंदी आणली. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. असे नियम सगळ्यांच्या उपयोगाचे आहेत. पण आजारी मुलीला 'चॉकलेट बघायचंही नाही' असं दटावणं हा त्याच नियमाचा घरगुती अवतार नाही, हे पालकांनी लक्षात घ्यायला हवं.

त्रास आहे हे ओळखायचं कसं?

हे प्रश्न स्वतःला विचारून बघा:

– खाताना 'आता मला थांबताच येणार नाही' असं वारंवार वाटतं का?
– रॅपर, पाकिटं, ऑनलाइन ऑर्डर लपवाव्या लागतात का?
– खाल्ल्यानंतर उलटी, जुलाबाची औषधं, कडक उपास किंवा शिक्षा म्हणून व्यायाम होतो का?
– दिवसातला बराच वेळ खाणं, वजन आणि आरसा यांतच जातो का?
– खाण्यामुळे मित्रांना भेटणं, लग्नकार्याला जाणं टाळता का?

एक-दोन उत्तरं 'हो' आली म्हणून निदान होत नाही. पण हे आठवड्यामागून आठवडे चालू असेल तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली आहे. वारंवार उलट्या, चक्कर, छातीत धडधड, पाळी बंद होणं किंवा झपाट्याने वजन उतरणं, यातलं काही असेल तर थांबू नका. सतत उलट्यांमुळे शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

आणि हो, 'भस्म्या' हा शब्द अगदीच टाकाऊ नाही. अचानक खूप भूक लागू लागली आणि वजन मात्र उतरतंय, तर मधुमेह किंवा थायरॉइड असू शकतो. स्टिरॉइड आणि काही मानसोपचाराच्या औषधांनीही भूक वाढते. म्हणून आधी रक्त तपासून घ्या.

घरच्यांनी काय करावं?

सर्वांत आधी शरीरावरच्या कमेंट बंद. 'किती जाड झालीस' आणि 'किती छान बारीक झालीस', दोन्ही. दुसरं वाक्य कौतुक वाटतं, पण उपाशी राहणाऱ्या मुलीला ते 'असंच चालू ठेव' असं ऐकू येतं. ईटिंग डिसऑर्डर मुलग्यांनाही होतो. जिम, प्रोटीन आणि 'कटिंग'च्या नादात तो सहज लपतो.

डबे कुलपात ठेवणं, ताटातले घास मोजणं, पाहुण्यांसमोर चेष्टा करणं, याने लपवालपवी वाढते. त्यापेक्षा दिवसातलं एक तरी जेवण एकत्र, मोबाईल बाजूला ठेवून करा. आणि एकांतात एवढंच म्हणा, 'तुला त्रास होतोय असं वाटतं, आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ या का?'

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. सरकारी जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली मानसोपचाराची सोय असते. एकलहरे किंवा नाशिक परिसरातल्या लोकांनी नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला हवं, त्यामुळे आपली पॉलिसी तपासून घ्या.

ओपीडीत गेल्यावर काय बोलायचं हे सुचत नसेल, तर एवढं वाक्य पुरेसं आहे: 'डॉक्टर, आठवड्यातून इतक्या वेळा मला खाणं थांबवता येत नाही आणि नंतर खूप वाईट वाटतं.' 'मी फूड ॲडिक्ट आहे' असं म्हणण्यापेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी, कारण त्यातून डॉक्टरांना नेमकं काय घडतंय ते कळतं. नाव काय द्यायचं ते त्यांना ठरवू द्या. तोपर्यंत तुम्ही एक गोष्ट नक्की करू शकता: काल रात्री कितीही खाल्लं असेल, तरी आज सकाळचा नाश्ता चुकवू नका.